पेपराच्या तळाची बारीक ओळ



आज आपण वर्तमानपत्राविषयी बोलणार आहोत. घरी पेपर येवो न येवो, पेपराचा कागद प्रत्येकीच्या हाताखालून जातो. फडताळात अंथरायला, खिडकीची काच पुसायला, जुने कपडे बांधून ठेवायला. पुढच्या वेळी असा कागद हाती आला आणि तो शेवटच्या पानाचा असला, तर अगदी तळाशी बघा. मुंगीएवढ्या अक्षरांत एक मजकूर दिसेल. हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून अमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक.

ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. ती आली कुठून? इंग्रज सरकारने १८६७ साली छापखान्यांच्या आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचे नाव आणि छापखान्याचे ठिकाण हवेच, असा नियम झाला. पुढे त्यात संपादकाच्या नावाचीही भर पडली. सरकारचा हेतू सरळ होता. वावगे काही छापले तर धरायचे कोणाला, ते कळावे. पण त्याच ओळीतून वाचणाऱ्यालाही एक गोष्ट कळते. या शब्दांना जबाबदार कोण आहे, आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा. तो जुना कायदा २०२३ साली बदलला, पण तळाची ओळ अजून छापली जाते.

आज या ओळीच्या मागे मागे जात आपण एक प्रश्न विचारणार आहोत. आपल्याकडे पेपर निघू लागले, तेव्हा त्यात बायकांविषयी पुष्कळ लिहिले जायचे. पण बाईचा स्वतःचा शब्द छापून यायला किती काळ लागला? आणि संपादक म्हणून बाईचे नाव कधी आले?

शिशाचे खिळे आणि दगडाची पाटी

आधी छपाई कशी चालायची ते बघू. आपल्या देशात पहिला छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली. पोर्तुगीज पाद्र्यांनी तो धर्माच्या पुस्तकांसाठी आणला. वर्तमानपत्र निघायला मात्र त्यानंतर सव्वादोनशे वर्षे लागली. १७८० साली कलकत्त्यात हिकी नावाच्या आयरिश माणसाने इंग्रजी साप्ताहिक काढले. आपल्या मुंबईत १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी गुजरातीत ‘मुंबई समाचार’ सुरू केला. तो आजही निघतो.

त्या काळी छपाई दोन तऱ्हांनी व्हायची. एक खिळ्यांची. प्रत्येक अक्षर शिशाचे ओतलेले, त्याला खिळा म्हणत. खिळे जुळवणारा कामगार म्हणजे जुळारी. तो एकेक खिळा उचलून उलटी ओळ लावायचा, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटायची. इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर भागते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे. त्यामुळे मराठी जुळाऱ्यापुढे खिळ्यांचे खण कितीतरी जास्त असायचे. दुसरी तऱ्हा शिळाछापाची. सपाट दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा आणि वरून शाई फिरवायची. ओल्या जागी शाई धरत नाही, लिहिलेल्या जागी धरते. मग कागद दाबला की छाप उमटतो. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली अशा छापावर मराठी पंचांग काढले. छापील पोथीला हात लावावा की नाही, असा प्रश्न तेव्हाच्या सोवळ्या लोकांना पडे, कारण शाईत चरबी असते असा समज होता.

अशा दिवसांत, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत ‘दर्पण’ निघाले. ते मराठीतले पहिले वर्तमानपत्र. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ले गावचे, वय अवघे विशीतले. पानावर शेजारी शेजारी दोन रकाने असत, एक इंग्रजीचा, एक मराठीचा. इकडच्या लोकांचे म्हणणे साहेबाला कळावे आणि तिकडची विद्या इकडे यावी, अशी त्यामागची योजना. दर्पण आधी पंधरवड्याने निघे, मग आठवड्याने. ते १८४० साली बंद पडले. ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन पाळतात तो यामुळेच.

दर्पणानंतर १८४१ साली भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ काढले. त्यात १८४८ पासून लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख यांची शतपत्रे आली. बालविवाह, विधवांचे हाल, मुलींचे शिक्षण यांवर त्यांनी कडक लिहिले. लिहिणारे चांगल्या मनाचे होते, यात शंका नाही. पण लिहिणारे पुरुष, छापणारे पुरुष आणि वाचणारेही बहुतेक पुरुषच. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्या बायकांना अक्षरओळखच नव्हती.

चौदा वर्षांची मुक्ता

बाईचा शब्द छापून यायचा तर आधी बाईला लिहिता यायला हवे. त्यामुळे आपल्या गोष्टीतला पुढचा टप्पा छापखान्यात नाही, शाळेत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिने एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी.

हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात दोन भागांत छापून आला. ज्ञानोदय अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू केलेले होते. मुक्ताने त्यात काय मांडले? वेद वाचायची आम्हाला बंदी, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने केला. आणि आणखी एक गोष्ट तिने लिहिली, जी कोणा शास्त्र्याच्या किंवा सुधारकाच्या नजरेला सहज पडली नसती. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांचे काय होत असेल, हे तिने विचारले.

बाळंतिणीचे छप्पर ही बातमी आहे, हे कोणाला सुचणार? जिने आपल्या वस्तीत ते पाहिले आहे, तिलाच. बातमी कोण लिहिते यावर बातमी काय असते हे ठरते, ते असे.

बुलढाण्याहून आलेले उत्तर

आता १८८१ साल. गुजरातेत विजयालक्ष्मी नावाची तरुण विधवा होती. पुनर्विवाहाची सोय नाही, त्यात दिवस राहिले, लोकलज्जेपायी तिने जन्मलेले मूल मारले. सुरतेच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. वरच्या कोर्टात ती काळ्या पाण्यावर आली आणि मग पाच वर्षांवर उतरली. या खटल्यावरून पेपरांत रान उठले. बायका आता बिघडल्या, असा सूर काही पत्रांनी लावला. पुण्याचे ‘पुणे वैभव’ हे त्यांतलेच एक.

बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी ते वाचले. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे, मुलीला त्यांनी शिकवलेले होते. ताराबाईंनी उत्तर लिहिले ते पुस्तकच झाले. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे त्याचे नाव. १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा एकेक दोष घेऊन त्यांनी हिशेब मांडला. मूल त्या विधवेचे एकटीचे नव्हते, मग शिक्षेच्या वेळी ती एकटीच कशी उभी राहिली, हा रोख त्यामागे होता.

पुस्तकावर चिडून टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून लोकांपुढे आणले. मधे तब्बल त्र्याण्णव वर्षे गेली.

नाव लपवून लिहिलेली पत्रे

ताराबाईंनी नावानिशी लिहिले. मुंबईच्या रखमाबाईंना नाव लपवावे लागले. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. मोठ्या झाल्यावर नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली कोर्टात दावा लावला. दावा चालू असतानाच १८८५ साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर आणि लादलेल्या वैधव्यावर पत्रे आली. खाली सही होती, एक हिंदू स्त्री. ती पत्रे रखमाबाईंची होती.

खालच्या कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात फिरला. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लिहिले, सुधारकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली. एकाच खटल्याची दोन पेपरांतली बातमी वाचली तर दोन वेगळ्या बायका वाटाव्यात, इतके अंतर. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोट इथे बायकांच्या दवाखान्यांत काम केले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, त्यामागच्या वादात या खटल्याचा मोठा वाटा होता.

आणि हो, निनावी पत्र म्हणजे बेजबाबदार पत्र, असे समजू नका. वाचकांना नाव माहीत नव्हते, पण पत्र छापणाऱ्या संपादकाचे नाव जगजाहीर होते. आजही अत्याचार सोसलेल्या बाईचे नाव पेपर छापत नाही, ते कायद्यानेच बंद आहे. तिचे नाव झाकायचे आणि बातमीची जबाबदारी पेपराने आपल्या नावावर घ्यायची, ही रीत.

संपादक : तानुबाई

कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. शेतकरी, कामकरी, बहुजन समाज यांचे ते पत्र. पुढे ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, तिच्यासाठी झटणारे ते हेच लोखंडे.

लोखंड्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी वासुदेव बिर्जे यांनी दीनबंधु पुन्हा उभे केले. ते आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे ग्रंथपाल होते. १९०६ साली वासुदेवराव वारले. पेपर बंद पडला असता. पण त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची घेतली आणि पुढे काही वर्षे पत्र चालवले. वर्तमानपत्राच्या देशातल्या पहिल्या स्त्री संपादक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

संपादक होणे म्हणजे काय, हे लक्षात घ्या. त्याच काळात केसरीतल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांना दोनदा राजद्रोहाची शिक्षा झाली, १८९७ साली अठरा महिने आणि १९०८ साली सहा वर्षे, तीही मंडालेला. तळाच्या ओळीत नाव असणे हा तेव्हा निव्वळ मान नव्हता, जोखीम होती. घरच्या माणसाचा आधार गेलेल्या एका बाईने ती जोखीम अंगावर घेतली. दर्पण निघाल्यापासून इथवर यायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली होती.

पैसा कोणाचा?

पेपर नुसत्या अंकाच्या किमतीवर चालत नाही. कागद, शाई, पगार, टपाल यांचा खर्च मोठा. तो निघतो वर्गणीतून, देणगीतून आणि जाहिरातीतून. म्हणून जाहिरात कोणाची घ्यायची आणि कोणाची नाही, यातही पेपराचे मन दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. मूकनायक निघणार अशी जाहिरात पैसे देऊन छापायलाही केसरीने नकार दिला होता. ज्यांना दुसऱ्याच्या पेपरात जागा नाही, त्यांना स्वतःचा पेपर काढावा लागतो. मूकनायक हे नावच ते सांगते.

बायकांच्या बाबतीतही तेच. १९३० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढले. घराघरांतून बायकांची पत्रे, अनुभव, कथा त्यात येऊ लागल्या. पुढे ‘स्त्री’च्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात २००२ साली ‘खबर लहरिया’ नावाचा पेपर निघाला. बुंदेली बोलीत, गावच्या बायकांनी, बहुतेक दलित घरांतल्या बायकांनी चालवलेला. हातपंप बंद, रेशन मिळत नाही, पोलीस तक्रार घेत नाहीत, अशा बातम्या त्या पायी फिरून आणत. आता त्यांचे काम मोबाइलवर चालते.

आपल्या हातात काय आहे?

आता आपल्याकडे येऊ. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओला स्वतःची बातमीपत्रे द्यायची परवानगी नाही. आरोग्य, शेती, कायदा, संस्कृती यांवर बोलता येते, बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे बातमीसाठी आपण पेपर, टीव्ही आणि बहुतेक वेळा मोबाइलवर अवलंबून असतो. मोबाइलवर जे फिरत येते, त्याला तळाची ओळ नसते. कोणी लिहिले, कुठून आले, चुकले तर कोणाला विचारायचे, काहीच नाही.

खोटा कागद जाणत्या माणसांनाही फसवतो. १८८१-८२ साली केसरी आणि मराठा या पत्रांनी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर गंभीर आरोप केले. तरुण महाराजांचा छळ होतो आहे, असा तो विषय. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला, ती कोर्टात बनावट ठरली. टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू चांगला होता, पण कागद खोटा निघाला. फरक एवढाच की नाव खाली होते, म्हणून जबाब देणाऱ्याला जबाब द्यावा लागला. मुले पळवणारी टोळी आली आहे असा मेसेज फिरतो, गावात परक्या माणसाला मार बसतो, आणि मेसेज लिहिणारा कोण ते बऱ्याचदा कळतही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, चार साधे प्रश्न मनाशी धरा. एक, हे कोण सांगते आहे, त्याचे नाव आहे का? दोन, कधीचे आहे आणि कुठले? जुना फोटो नव्या गावाच्या नावाने फिरतो. तीन, ज्यांच्याविषयी बोलले आहे, त्यांचे म्हणणे त्यात आहे का? ताराबाईंनी पुणे वैभवला विचारले ते हेच. चार, हे दुसरीकडे कुठे, जबाबदार पेपरात आले आहे का? चारांपैकी दोनांचे उत्तर मिळाले नाही, तर तो मेसेज आपल्या बोटाखालून पुढे जाऊ द्यायचा नाही.

आणि दुसरे काम लिहिण्याचे. जवळजवळ प्रत्येक पेपरात वाचकांच्या पत्रांची जागा असते. पत्र लहान असावे, एकाच विषयावर असावे, आणि त्यात तारीख, गाव, घडलेली गोष्ट नेमकी असावी. ‘आमच्याकडे पाण्याचे हाल आहेत’ असे लिहू नका. ‘आमच्या वस्तीचा नळ गेल्या सोमवारपासून बंद आहे, ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज दिला, अर्जाची पोच आमच्याकडे आहे’ असे लिहा. खाली आपले नाव आणि पत्ता द्या. नाव छापायचे नसेल तर तसे संपादकांना कळवा, पण त्यांच्यापाशी मात्र खरे नाव असू द्या. बातमीत चूक झाली असेल तर दुरुस्ती छापायला सांगणारे पत्रही लिहिता येते. पत्ता तळाच्या ओळीत असतोच.

जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, दुसरीने लिहावे. बचत गटाच्या बैठकीत आठवड्यातून एकदा अर्धा तास एकीने पेपर मोठ्याने वाचला, बाकीच्यांनी ऐकला, तरी पुष्कळ होईल. वाचता येणाऱ्याने वाचायचे आणि चार जणांनी ऐकायचे, अशीच पेपराची सवय आपल्या गावांना लागली.

मुक्ताने बाळंतिणीच्या छपराविषयी लिहिले त्याला आता एकशे सत्तर वर्षे होऊन गेली. आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात रात्री बाळंतपणाला डॉक्टर हजर असतात का, ही बातमी यंदा कोणत्या पेपरात आली आहे का? आली नसेल, तर ती लिहायला आपल्यापैकीच कोणीतरी हवी.